शिबिरातले जुने सोबती शोधायचेत? अर्धं गाणं पाठवा

शाळकरी वयात उन्हाळी शिबिरात एकत्र राहिलेली मंडळी पुन्हा गाठायची असतील तर नावावरून शोधायला जाऊ नका. आमच्या बेळगाव-खानापूर-निपाणीकडं तर नकोच. मुलींची आडनावं लग्नात बदलली, कित्येकींची पाळण्यातली नावंही सासरी बदलली. मुलगे कुणी पुण्याला, कुणी गोव्याला, कुणी कोल्हापुरात कारखान्यात. त्यात शिबिरात आम्ही एकमेकांना नावानं हाक मारतच नव्हतो, गावानं मारायचो. "ए निपाणी, बादली आण की!" "जांबोटी, आज वाढायची पाळी तुझी." माझ्या डोक्यात चेहरे पक्के, गावं पक्की, नावं मात्र अर्धवट. अशी माणसं फेसबुकवर सापडत नाहीत.

गाण्यावरून सापडतात. मी बेळगावच्या शहापुरात राहते, मराठी शाळेत शिकवून निवृत्त झाले. आमच्या खानापूर तालुक्यातल्या शिबिराचा जो गट आज पुन्हा एकत्र बसून गातो, तो सगळा गाण्यांच्या वाटेनं जमलाय. कसा जमवला ते सांगते. तुमचं शिबिर सेवा दलाचं असो, शाळेचं असो, नाहीतर गावातल्या एखाद्या गुरुजींनी देवळाच्या ओवरीत भरवलेलं असो, हीच रीत चालेल.

कुठलं गाणं निवडायचं

पहिलं काम वहीचं. शिबिरात म्हटलेली जी जी गाणी आठवतात त्यांची पहिली ओळ लिहून काढा. प्रभातफेरीचं, जेवणाआधीचं, श्रमदानाचं, शेकोटीचं, निरोपाचं, असं दिवसाच्या क्रमानं आठवत गेलात की बरीच वर येतात. नुसतं बसून आठवत नाही. हातानं काहीतरी करत गुणगुणावं. मला निम्मी गाणी शेंगा फोडताना आठवली. शब्द सुटले असतील तिथं "ला ला" लिहा, पण चाल सोडू नका. चाल लगेच फोनमध्ये रेकॉर्ड करून ठेवा, संध्याकाळपर्यंत ती दुसऱ्याच गाण्यात मिसळते.

आता या यादीतून शोधासाठी गाणं निवडताना एक गोष्ट पाहायची: ते इंटरनेटवर मिळतंय का? मिळत असेल तर शोधाच्या कामाचं नाही. साने गुरुजींचं 'खरा तो एकची धर्म' आम्ही रोज म्हणायचो, पण ते अख्ख्या महाराष्ट्राला आणि आमच्या सीमाभागाला पाठ आहे. त्याचं पुढचं कडवं विचारलंत तर कुणीतरी यूट्यूबची लिंक पाठवेल आणि बोलणं तिथंच संपेल. उत्तर माणसाकडंच असेल असं गाणं हवं. आमच्या शिबिराला बाईंनी स्वतः रचलेलं एक शिबिरगीत होतं, मलप्रभा नदीचं नाव घेऊन सुरू होणारं. ते कुठं छापलेलं नाही, कुणी गायलेलं नाही. ते येतं म्हणजे तो माणूस त्या मे महिन्यात त्या पटांगणावर होता.

असं स्वतःचं गीत नसेल तर सर्वांना माहीत असलेलंच गाणं घ्या, पण तुमच्या शिबिरात ते जसं म्हणत होते तसंच म्हणा. प्रत्येक शिबिराची काहीतरी खूण असते. आमच्याकडं ध्रुवपद दुसऱ्यांदा आलं की शेवटच्या शब्दावर दोन टाळ्या पडायच्या, दुसरी टाळी जरा उशिरा. बाहेरच्या कुणी ते ऐकलं तर म्हणेल ठेका चुकला. आमच्यातला माणूस ऐकेल आणि त्याचा हात आपोआप उठेल. उच्चारसुद्धा सुधारू नका. कन्नड घरातली मुलं काही शब्द त्यांच्या वळणानं म्हणायची, आणि पुढं आम्ही सगळेच तसं म्हणू लागलो. ते तसंच ठेवा.

कसं पाठवायचं

गाणं पुरं म्हणू नका. एक कडवं म्हणा, दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर थांबा आणि पुढचं विचारा. "कशा आहात सगळ्या?" या निरोपाला लोक अंगठा दाखवतात. "पुढची ओळ काय होती?" म्हटलं की माणूस बसल्या जागी गुणगुणायला लागतो आणि उत्तर दिल्याशिवाय त्याला राहवत नाही.

सोबत चार ओळी लिहा. मी लिहिलं होतं ते असं: "१९८० च्या आसपास मे महिन्यात खानापूर तालुक्यात शिबिराला होतो. हे गाणं आम्ही असं म्हणायचो. पुढचं आठवत नाही. तुमच्या घरी आई, मावशी, आत्या, काका हे असंच म्हणत असतील तर त्यांना ऐकवा आणि पुढची ओळ त्यांच्याच आवाजात पाठवा." घरातल्यांना उद्देशून लिहिण्याला कारण आहे. आमच्या वयाच्या खेड्यातल्या बऱ्याच बायकांचा फोन मुलाच्या किंवा सुनेच्या हातात असतो. आधी ऐकणार तो मुलगा, त्याला कळलं पाहिजे की हे आईसाठी आहे. आणि "त्यांच्याच आवाजात" हे शब्द विसरू नका. लिहून आलेल्या ओळीपेक्षा आवाज लवकर ओळखू येतो.

पाठवायचं कुठं? गावोगावची भजनी मंडळं, महिला मंडळं, दहावीच्या बॅचचे गट, शिक्षकांचे गट. भजनी मंडळाकडून मला सगळ्यात जास्त यश आलं, कारण लहानपणी गाणारी मुलगी मोठेपणी कुठं ना कुठं टाळ धरतेच. आमच्याकडं पंत महाराज बाळेकुंद्रीकरांची पदं म्हणणारी मंडळं पुष्कळ आहेत. पंत महाराज १९०५ साली गेले, पण 'दत्तप्रेमलहरी'तली त्यांची पदं मराठी घरांइतकीच कन्नड घरांतही म्हणतात, त्यामुळं दोन्हीकडची माणसं एका निरोपात गाठता येतात. ज्यांच्याकडं स्मार्टफोन नाही त्यांच्यासाठी आठवड्याच्या बाजाराचा दिवस बरा. त्या गावात ओळखीचं कुणी असेल तर त्याच्याकरवी निरोप द्यावा.

उत्तर यायला वेळ लागतो. निरोप गेला, उत्तर आलं नाही, म्हणून लगेच दुसऱ्यांदा पाठवू नका. चिकोडीकडच्या एका मैत्रिणीनं माझा आवाज ऐकून काहीच कळवलं नव्हतं. मग एका दुपारी तिचा आवाज आला. बोलणं काहीच नाही, पाठीमागं कुकरच्या शिट्ट्या, आणि मधे ती सुटलेली ओळ, अगदी बारीक आवाजात, जणू शेजारच्या खोलीत कुणी झोपलंय. शेवटी फक्त, "तूच की ग, शहापूर?" मी तो निरोप अजून काढून टाकलेला नाही.

काही जणांना सापडायचं नसतं. कुणाच्या घरी गाणं बंद झालेलं असतं, कुणाला ते दिवस नको असतात. त्यांना गटात ओढू नका. नंबर विचारल्याशिवाय कुणाचाही नंबर गटात टाकू नका, बायकांचा तर नाहीच.

जुनी कॅसेट निघाली तर

माणसं जमायला लागली की कुणाच्या तरी माळ्यावर कॅसेट निघते. आमच्या गुरुजींच्या घरी निघाली, सी-६०, म्हणजे एका बाजूला अर्धा तास. घाईघाईनं टेपमध्ये घालून वाजवायची नाही. खानापूर-जांबोटीकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. त्या दमट हवेत फितीवर पांढरी बुरशी धरते. आधी कॅसेट उजेडात धरून खिडकीतून फितीची गुंडाळी बघा. कडेला पांढुरके ठिपके किंवा पीठ पडल्यासारखं दिसलं तर ती वाजवू नका. बुरशी फितीवरून टेपच्या हेडला, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागाला, लागते आणि तिथून पुढच्या कॅसेटला. ती जाणकाराकडूनच साफ करून घ्यावी.

फीत स्वच्छ असेल तर टेपचं हेड आणि रबरी चाक आधी कापसाच्या काडीनं आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढं आणि पुन्हा मागं गुंडाळून घ्या, म्हणजे वर्षानुवर्षं चिकटून बसलेली फीत सुटी होते. मागची दोन प्लॅस्टिकची चौकटं शाबूत असतील तर ती मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी जुना आवाज पुसला जाणार नाही. फीत तुटली असेल तर ती जोडायला साधी चिकटपट्टी वापरायची नाही, तिचा डिंक पाझरून शेजारच्या वेढ्यांना लागतो. त्यासाठी वेगळी पट्टी मिळते.

मग टेपच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून कॉम्प्युटरच्या लाइन-इनला, म्हणजे बाहेरचा आवाज आत घेणाऱ्या भोकाला, जोडा. नवीन लॅपटॉपला लाइन-इन नसतं, तेव्हा यूएसबीला लावायचा छोटा अडॅप्टर लागतो. ऑडॅसिटी नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात रेकॉर्ड करा. आवाजाची पट्टी लालपर्यंत जाऊ देऊ नका. कमी आवाज नंतर वाढवता येतो, फुटलेला नीट होत नाही. आधी डब्ल्यूएव्ही म्हणून साठवा. अर्ध्या तासाची एक बाजू साधारण ३०० एमबी होते, पण मूळ प्रत तीच ठेवा. एमपी-थ्री नंतर वाटण्यासाठी काढा, आणि व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

आमच्या कॅसेटवर पहिल्यांदा आवाज घोंगडीखालून आल्यासारखा येत होता. हेडशेजारचा बारीक स्क्रू थोडा-थोडा फिरवत गेलं की एका जागी 'स' आणि 'श' स्वच्छ कापून ऐकू येतात. तिथं थांबायचं. आम्ही थांबलो तेव्हा गाण्याच्या मागं पटांगणातल्या हापशाचा कुईकुई आवाज ऐकू आला, आणि खोलीतली सगळी एकदम म्हणाली, "हापसा!"

पट्टी

आता जे सांगते ते सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं तेच कुणी बघत नाही. जमलेली माणसं उत्साहानं गाणं उचलतात आणि अंतऱ्याला सगळ्यांचा गळा चढतो. मग हसतात, खोकतात, गप्पा सुरू होतात, गाणं राहतं. शिबिरात मुलगे-मुली एकाच सप्तकात गात होतो, कारण त्या वयात मुलांचा आवाज फुटलेला नव्हता. आता पुरुष एक सप्तक खाली गेलेत. बायकांचाही आवाज साठीकडं खाली उतरतो. तेव्हाची पट्टी, म्हणजे पेटीवरच्या ज्या सुराला सा धरून गायचं तो सूर, आज कुणाच्याच कामाची नाही. कॅसेटवरून पट्टी लावू नका, जुने टेप थोडे जलद किंवा हळू चालतात, सूर हलतो.

एरवी पुरुष काळी एक-दोनला गातात, बायका काळी चार-पाचला. पण समूहगीत बहुतेक एका सप्तकातच फिरतं, म्हणून एकत्र गाताना पेटी पांढरी एकला धरा, बायका वरच्या सप्तकात, पुरुष खालच्या. आता गाण्यातला सगळ्यात उंच स्वर शोधा आणि फक्त तेवढी ओळ सगळ्यांनी हळू आवाजात म्हणून बघा. हळू आवाजात उंच स्वर लागला तर पट्टी बरोबर. ओरडल्याशिवाय लागत नसेल तर पांढरी सातवर उतरा, म्हणजे त्याच पांढरी एकच्या लगेच खालचा सूर. चाल मंद्र पंचमापर्यंत, म्हणजे खालच्या सप्तकातल्या 'प'पर्यंत, उतरणारी असेल तर उलट एक-दोन पट्ट्या चढवा. हे भेटीच्या आधी पेटीवाल्यानं एकट्यानं करून, प्रत्येक गाण्यापुढं वहीत पट्टी लिहून ठेवावी.

मी गात नाही, म्हणणारी निघतातच. सुळेभावीची आमची मैत्रीण थायरॉइडच्या ऑपरेशननंतर आवाज बसला म्हणून यायलाच तयार नव्हती. आम्ही तिला म्हटलं, कुमार गंधर्व १९२४ साली ज्या गावात जन्मले तिथं राहून गाण्याला यायचं नाही, हे चालायचं नाही. तिच्या हातात टाळ दिले. आता ठेका तीच धरते आणि त्या उशिराच्या टाळीला तीच सगळ्यांना सांभाळते.

दूर असलेल्यांना व्हिडिओ कॉलवर घेऊन सगळ्यांनी मिळून गायचा हट्ट धरू नका. आवाज नेटवरून यायला जो क्षणाचा उशीर लागतो तेवढ्यानं प्रत्येक जण दुसऱ्यासाठी थांबतो आणि लय रांगायला लागते. कॉलवर एकानं म्हणावं, बाकीच्यांनी माइक बंद करून घरी बसून म्हणावं. एकत्र आवाज हवाच असेल तर पेटी आणि ठेक्याची एक रेकॉर्डिंग सगळ्यांना पाठवा. ती एका कानात ऐकत प्रत्येकानं आपला आवाज दुसऱ्या फोनवर घ्यावा, सुरुवातीला एक टाळी द्यावी. ऑडॅसिटीत त्या टाळ्या एकाखाली एक जुळवल्या की आवाज जुळतात.

भेटीची तयारी

तारीख मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यातली धरा. कर्नाटकातल्या शाळा मे अखेरीस उघडतात, महाराष्ट्रातल्या जूनच्या मध्यावर, तेव्हा नातवंडं सांभाळणाऱ्या दोन्हीकडच्या आज्यांना तेवढाच काळ सोयीचा. बेळगावची शिवजयंती वैशाख शुद्ध द्वितीयेची, चित्ररथांचे दिवस मात्र टाळा. निम्मी मंडळी मिरवणुकीत असतात आणि उरलेल्यांना शहरात शिरता येत नाही. कर्नाटकातल्या बायकांना 'शक्ती' योजनेमुळं ११ जून २०२३ पासून राज्याच्या साध्या बसमधून मोफत प्रवास आहे, फक्त इथल्या पत्त्याचं ओळखपत्र लागतं. कोल्हापूर-गडहिंग्लजच्या मैत्रिणींना ते नाही. त्यांचं तिकीट वर्गणीतून द्या आणि त्याची चर्चा करू नका. मिरजेच्या बाजूची मंडळी रेल्वेनं सरळ बेळगावला येतात. जेवणाला भाकरी, झुणका, ठेचा, आणि येणाऱ्यांनी आणलेला कुंदा किंवा गोकाकचं करदंट पुरे.

गाण्याचे कागद दोन्ही लिप्यांत काढा. हे आमच्या भागात फार गरजेचं आहे. आमच्या शिबिरातली काही मुलं कन्नड शाळेतली होती. एकीनं आपली शिबिराची वही आणली होती, शाई फुटलेली, कोपरे उंदरानं खाल्लेले, आणि त्यात सगळी मराठी गाणी कन्नड लिपीत. तिनं ती वही उघडली आणि जिथं आम्ही अडलो होतो तिथून पुढं ती वाचत गेली. बाईंच्या शिबिरगीताचं तिसरं कडवं, जे असल्याचंही आम्ही विसरलो होतो, ते त्या वहीत होतं. कन्नड गाणं देवनागरीत उतरवताना मात्र काळजी घ्या. कन्नडात ऱ्हस्व आणि दीर्घ ए-ओ वेगळे असतात, देवनागरीत तो फरक दिसत नाही. दीर्घ असेल तिथं खाली रेघ ओढा, नाहीतर मात्रा ठेक्यात बसत नाहीत. पुरंदरदासांचं 'भाग्यदा लक्ष्मी बारम्मा' भीमसेन जोशींमुळं मराठी घरांत पोचलेलं आहे, सुरुवात त्यानं केली तर कुणी परकं राहत नाही.

सीमाप्रश्नावर माझं मत आहे आणि ते पक्कं आहे. १९५६ पासून आमच्या घरानं त्यासाठी काय सोसलं ते मला माहीत आहे. तरी गाण्याच्या गटात तो विषय काढायचा नाही, हा नियम मीच घातला आणि मीच पाळते. ज्या मुलीबरोबर एका ताटात आंबील प्यायले, तिला आधी गाण्यातून भेटायचं आहे. बाकी बोलायला इतर जागा आहेत.

भेटीत शाल, श्रीफळ, अध्यक्ष, प्रास्ताविक काही ठेवू नका. माइकही नको. आल्या आल्या चहाच्या आधी गोल करून बसवा आणि ओळखपाळख न करता पहिलं गाणं सुरू करा. ओळख नंतर होते, आणि अशी होते की "तू अमक्या कंपनीत होतास ना" ऐवजी "तू खालचा आवाज धरायचास ना" असं विचारलं जातं. जे आता नाहीत त्यांचं गाणं त्यांच्याच गावाचं नाव घेऊन म्हणा. आमच्यात निपाणीचं गाणं म्हणजे श्रमदानाचं, ते आम्ही उभं राहून म्हणतो. दोन गाण्यांच्या मधे भरपूर वेळ सोडा. गोष्टी तिथंच निघतात. एक फोन मधोमध जमिनीवर, टॉवेलाच्या घडीवर ठेवून सगळं रेकॉर्ड होऊ द्या, म्हणजे ताट-वाट्यांचा खणखणाट कमी येतो.

घरी गेल्यावर आठवडाभरात फायलींना नावं द्या, नाहीतर सगळ्या एकसारख्या आकड्यांच्या होऊन बसतात. गाण्याची पहिली ओळ, कुणी उचललं त्याचं गाव, वर्ष आणि पट्टी, एवढं नावात असू द्या. एक प्रत पेनड्राइव्हवर, एक दुसऱ्या गावातल्या कुणाकडं. वह्यांचे फोटो पानाच्या चारी कडा दिसतील असे, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता काढा आणि मूळ वही मालकिणीला लगेच परत करा. आणि ज्या कडव्याच्या ओळी अजून कुणालाच आठवलेल्या नाहीत तेवढी जागा कागदावर कोरी सोडून तो कागद पुन्हा गटात टाका. आमच्या दोन ओळी अजून यायच्या आहेत.